चूक आधी कुणाला कळायला हवी: फर्मवेअरला की ऑपरेटिंग सिस्टीमला?



संगणकाच्या मेमरीत चूक झाली तर ती कुणी हाताळायची? प्रश्न रुक्ष वाटेल. पण माझ्या पीएचडीच्या चौथ्या वर्षातले अकरा दिवस याच प्रश्नाने खाल्ले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझं एक सिम्युलेशन ६४ सर्व्हरवर मिळून चालत होतं. प्रत्येक पायरीला सगळ्यांनी आपापली गणितं पूर्ण करायची, आकडे एकमेकांना द्यायचे आणि मगच पुढे जायचं. अशा कामात सर्वात मंद सर्व्हरचा वेग हाच सगळ्यांचा वेग. त्यातला एक अधूनमधून अडखळायचा. लिनक्सच्या नोंदी पाहिल्या, तर सगळं आलबेल. मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसले. अकराव्या रात्री तो सर्व्हर कोसळला आणि त्याच्याबरोबर अख्खं सिम्युलेशन. नंतर ॲडमिनने सर्व्हरच्या मदरबोर्डवरच्या देखरेखीच्या चिपमधली नोंद उघडली. एकाच मेमरी मॉड्यूलच्या नावावर शेकडो ओळी होत्या! म्हणजे मशीनला दुखणं माहीत होतं. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर माझं काम चाललं होतं, तिला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं.

बिट उलटतो तेव्हा

मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा विद्युतभार. वैश्विक किरणांमुळे तयार झालेला एखादा न्यूट्रॉन चिपमध्ये आदळला, किंवा ती पेशीच कमकुवत झाली, की ० चा १ होऊ शकतो. १८ मे २००३ ला बेल्जियममधल्या स्खारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराला बरोबर ४०९६ मतं जास्त मिळाली. ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात, एका बिटाची किंमत. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही, त्यामुळे एक बिट आपोआप उलटला असावा, असं अनुमान काढलं गेलं. आकडा अशक्य कोटीतला होता म्हणून तो पकडला तरी गेला.

सर्व्हरमध्ये यावर उपाय म्हणून ईसीसी मेमरी असते. नेहमीच्या रचनेत दर ६४ बिटांसोबत ८ जादा तपासणी-बिट ठेवतात. त्यांच्या आधारे एक बिट उलटला तर तो दुरुस्त करता येतो. दोन उलटले तर चूक झाल्याचं कळतं, पण दुरुस्ती होत नाही. अशा चुका किती होतात? गूगलच्या सर्व्हरवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनमध्ये निदान एक तरी दुरुस्त झालेली चूक आढळली. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: ज्या मॉड्यूलमध्ये दुरुस्त होणाऱ्या चुका दिसतात, तिथे पुढे दुरुस्त न होणारी चूक येण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे दुरुस्त झालेली चूक ही पूर्वसूचना असते. ती कुणाच्या कानावर जाते, हा खरा मुद्दा.

दोन कारभारी

कल्पना करा, इमारतीत पाण्याची पाइपलाइन गळते आहे. इमारतीचा केअरटेकर भिंतीआडचे सगळे पाइप ओळखतो. कुठला जॉइंट सैल झाला, हे तो चटकन सांगेल. पण त्या गळतीखाली रिकामी बादली आहे की लग्नाचे अल्बम ठेवलेलं कपाट, हे घरच्यांनाच ठाऊक.

फर्मवेअर हा केअरटेकर. मदरबोर्ड बनवणाऱ्याने लिहिलेलं असल्याने त्याला मेमरीचा अमुक पत्ता नेमक्या कुठल्या स्लॉटमधल्या कुठल्या चिपवर जातो, हे नीट माहीत असतं. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधी किंवा ती कोसळल्यावरही ते चूक नोंदवू शकतं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घरची मंडळी. मेमरीचं ते पान मोकळं आहे, फाइलची जादा प्रत आहे की चालू प्रोग्रॅमचा जिवंत डेटा, हे फक्त तिलाच कळतं.

म्हणून पद्धतीही दोन पडल्या. एकीत प्रोसेसर चुकीची माहिती आपल्या ठरावीक रजिस्टरमध्ये ठेवतो आणि थेट ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारतो. दुसरीला म्हणतात ‘फर्मवेअर-फर्स्ट’. इंटेल-एएमडीच्या सर्व्हरवर यात सहसा एसएमआय नावाचा खास इंटरप्ट येतो आणि प्रोसेसर फर्मवेअरच्या ताब्यात जातो. फर्मवेअर रजिस्टर वाचतं, स्लॉट शोधतं, ठराविक नमुन्यातला अहवाल मेमरीत ठेवतं आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमला कळवतं. २००९ च्या एसीपीआय ४.० या मानकात या व्यवहाराची रीतसर भाषा ठरली. चुकांचे स्रोत कोणते आणि त्यातला कुठला आधी फर्मवेअरकडे जाणार, याचा तक्ता सुरुवातीलाच ऑपरेटिंग सिस्टीमला मिळतो.

मग दोघांनीही का वाचू नये?

तुम्ही म्हणाल, दोघांनीही रजिस्टर वाचावं की! पण वाचणारा पुढच्या चुकीसाठी जागा करायला ते पुसतो. फर्मवेअरने आधी पुसलं तर ऑपरेटिंग सिस्टीमला कोरी पाटी मिळते. उलट झालं तर फर्मवेअरचा हिशोब चुकतो. म्हणून एका स्रोताला एकच मालक हवा. पीसीआय एक्सप्रेसच्या चुकांबाबत तर याची चक्क बोलणी होतात: ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताना ताबा मागते आणि फर्मवेअर तो देतं किंवा नाकारतं.

फर्मवेअर-फर्स्टची किंमतही आहे. एसएमआय आला की साधारणपणे सगळेच कोअर थांबतात, आणि आपण थांबलो होतो हे ऑपरेटिंग सिस्टीमला कुणी सांगत नाही. तिच्या दृष्टीने मधला वेळ नुसताच गायब होतो. केअरटेकरने एक जॉइंट आवळायला सगळ्या इमारतीचं पाणी बंद करावं, तसं हे. एकदा झालं तर चालून जातं. एकाच मॉड्यूलमधून चुकांची रांग लागली, की मशीन अडखळू लागतं. माझ्या सर्व्हरचं हेच झालं होतं.

त्यावर तोडगा म्हणून फर्मवेअरमध्ये मर्यादा ठेवतात: अमुक इतक्या चुका झाल्यावरच पुढे कळवायचं. माझ्या सर्व्हरवर ती इतकी वर ठेवली होती की फर्मवेअर चुका मोजत राहिलं आणि लिनक्सपर्यंत काही पोहोचलंच नाही.

वेळेत कळलं असतं तर

लिनक्सला करण्यासारखं बरंच होतं. चुका एकाच पानावर पुन्हापुन्हा येत असतील, तर त्यातला डेटा दुसरीकडे हलवून ते पान कायमचं वापरातून काढता येतं. चालू प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. दुरुस्त न होणारी चूक आली तरी दर वेळी मशीन बंद करावं लागत नाही. २००९ अखेरच्या २.६.३२ या आवृत्तीपासून लिनक्स खराब पानावर ‘विषारी’ अशी खूण करू शकतं. पानात डिस्कवरच्या फाइलची न बदललेली प्रत असेल, तर ते टाकून देऊन फाइल पुन्हा वाचता येते. एखाद्या प्रोग्रॅमचा एकमेव डेटा असेल, तर फक्त त्या प्रोग्रॅमला थांबवता येतं. चूक प्रोसेसरच्या नाजूक स्थितीत गाठली किंवा कर्नलच्याच डेटावर पडली, तर मात्र नाइलाज असतो. पण माझ्या बाबतीत अकरा दिवसांची पूर्वसूचना हाताशी होती.

तेव्हा ‘फर्मवेअर की ऑपरेटिंग सिस्टीम’ या वादात माझं मत असं: चूक कुठे झाली, हे फर्मवेअरने सांगावं. त्याचं काय करायचं, हे ऑपरेटिंग सिस्टीमने ठरवावं. पहिला मान कुणालाही द्या, पण पहिल्याने दुसऱ्यापासून काही लपवू नये. चूक दुरुस्त केली म्हणून ती सांगायची गरज संपत नाही.

तुमच्यापैकी कुणी लॅबचा सर्व्हर सांभाळत असेल किंवा घरी ईसीसी मेमरी असलेल्या मशीनवर कुटुंबाचे फोटो साठवत असेल, तर दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा: एक ऑपरेटिंग सिस्टीमची आणि एक देखरेखीच्या चिपची. दोन्हींचा मेळ बसला तर उत्तम. एकीकडे ओळींवर ओळी आणि दुसरीकडे शुकशुकाट असेल, तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये कळवण्याची मर्यादा तपासा, आणि ते मेमरी मॉड्यूल आजच बदलायला काढा. मी तेव्हा फक्त एकच नोंद पाहिली होती.