शेवंतीला काळोख हवा

दसऱ्यापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत शेवंती आपल्याकडे किलोच्या भावाने विकली जाते. दादरच्या फूलबाजारातले तिचे ढीग पाहिले की हे झुडूप घरी फुलवण्यात काही अवघड असेल असे वाटत नाही. पुष्कळ घरांत दिवाळीला फुललेली कुंडी येते, फुले सुकली की जिन्याखाली जाते, आणि पुढच्या दिवाळीला नवी येते. मला हे पाहवत नाही. बँकेतली चौतीस वर्षे लोकांना मुद्दल मोडू नका हेच सांगण्यात गेली. शेवंतीची फुले हे व्याज. मुद्दल मुळाशी असते.

ते सांभाळायचे कसे? जानेवारी-फेब्रुवारीत बहर ओसरला की फांद्या वीतभर ठेवून छाटाव्यात. थोड्याच दिवसांत बुंध्याभोवती हिरवे फुटवे मातीतून वर येतात. ते मुळांसकट अलगद सोडवून लहान कुंड्यांत लावावेत. उन्हाळाभर त्यांना सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली द्यावी. पाऊस सुरू झाला की आठ-दहा इंची कुंडीत हलवावे. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत. तळाचे भोक मोकळे हवे. शेवंती एखाद्या दिवसाची तहान सोसते, चिखल सोसत नाही.

रोप वीतभर झाले की शेंडा खुडायचा. इथे बहुतेकांचा हात अडतो. इतके जपून वाढवलेले रोप स्वतःच्या नखांनी तोडायचे! पण त्याखेरीज बगलेतून फांद्या फुटत नाहीत, आणि जितक्या फांद्या तितकी फुले. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा खुडावे. ऑगस्ट संपला की मात्र नखे आवरावीत, नाहीतर कळ्यांनाच मुकाल. ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यांवर मावा दाटतो. तो पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा, नाही हटला तर निंबोळी अर्क मारावा.

एवढे सगळे करूनही एखादीला फूल येत नाही. कारण तिला हवा असतो काळोख.

गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले की कित्येक झाडे दिवसाच्या लांबीनुसार फुलतात. पुढे कळले की झाड मोजते ती खरे तर रात्र. शेवंतीला लांब, सलग रात्र लागते. मध्येच दिवा लागला की तिच्या लेखी रात्र मोडली. पॉलिहाऊसवाले याचाच उपयोग करतात. झाड नुसते वाढवायचे असेल तर रात्री दिवे लावतात आणि उन्हाळ्यात फुले हवी असतील तर काळे कापड ओढतात.

आमच्याकडची पिवळी शेवंती आईची. आई २००३ साली गेली. दर तीन-चार वर्षांनी माझी बदली व्हायची, तेव्हा सामान ट्रकमध्ये चढण्याआधी ती ओल्या गोणपाटात फुटवे बांधून द्यायची. बियापासून झालेले झाड हे लेकरू. फुटव्यापासून वाढलेले झाड म्हणजे तेच झाड. आईने पाणी घातलेले झाडच आमच्या घरात आहे, असे मी म्हणतो तेव्हा ती कादंबरीकाराची अतिशयोक्ती नसते.

त्यातला एक फुटवा मुलीने पुण्याला नेला. दोन वर्षे झाड हिरवेगार, पण फुलाचे नाव नाही. "बाबा, आजी माझ्यावर रुसलीय," ती फोनवर म्हणाली, आणि तिचा आवाज थट्टेचा नव्हता. मी विचारले, "रात्री तुझ्या गॅलरीत पेपर वाचता येतो का?"

"येतो की. समोरच सोसायटीचा मोठा एलईडी आहे."

सोसायटी दिवा काढणार नव्हती. सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यांचेही चूक नाही. मग सप्टेंबरच्या मध्यापासून रोज संध्याकाळी सहाला कुंडीवर फ्रिजचे रिकामे खोके पालथे घालायचे आणि सकाळी सातला काढायचे, असे ठरले. एकही दिवस चुकवायचा नाही. जावई गावी गेले की शेजारच्या काकू खोके सांभाळायच्या. महिन्याभरात मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या; तरी रंग दिसेपर्यंत खोके थांबवू नकोस, असे मी बजावले.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तिच्या कलशापाशी आजीच्या झाडाची सात फुले होती. काकूंना आता एक फुटवा हवा आहे. त्यांना फेब्रुवारीपर्यंत थांबायला सांगितले आहे.