यादीत नाव घालताना

जावा ही संगणकाची भाषा सन कंपनीने १९९५ साली प्रसिद्ध केली. पुष्कळ वस्तू एकत्र ठेवण्याची 'कलेक्शन्स' नावाची जी व्यवस्था तिच्यात आहे, ती जोशुआ ब्लॉक यांच्या आराखड्यानुसार १९९८ च्या अखेरीस आली. वस्तू ठेवण्याची आज्ञा एका शब्दाची, 'ॲड'. तरीही नवशिका नेमका येथेच अडखळतो.

पहिली चूक फार वेळ घेत नाही. यादीचे नाव जाहीर करावयाचे, परंतु 'न्यू' लिहून ती निर्माणच करावयाची नाही. म्हणजे हजेरीपटाचे नाव ठरले, हजेरीपट आणलाच नाही. अशा वेळी 'नल पॉइंटर'ची तक्रार येते व चूक ताबडतोब सापडते. आरडाओरडा करणाऱ्या चुकांचे मला भय वाटत नाही. भय वाटते ते मुक्या चुकांचे.

समजा, शिष्यवृत्तीसाठी चाळीस मुलांची यादी करावयाची आहे. नवशिका आवर्तनाच्या बाहेर एकच 'विद्यार्थी' निर्माण करतो, आत त्याचे नाव बदलत जातो आणि प्रत्येक खेपेस त्यालाच यादीत घालतो. यादी छापून पाहावी, तर शेवटच्या मुलाचे नाव चाळीस वेळा! कारण यादीत वस्तूची प्रत शिरत नसते. शिरतो तो वस्तूचा पत्ता. भोपाळच्या जवाहर चौकातील एकाच घराचा पत्ता चाळीस कार्डांवर लिहिला आणि त्या घरात चाळीस भाडेकरू एकामागून एक राहून गेले, तर कोणतेही कार्ड घेऊन जा, दार उघडणार तो शेवटचा भाडेकरूच. 'न्यू'ची ओळ आवर्तनाच्या आत आणावी, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र घर मिळते.

'हॅशमॅप'मध्ये घात याहून गुपचूप होतो. मुलाचे नाव ही किल्ली धरून 'पुट'ने गुण ठेवले, आणि एकाच नावाची दोन मुले निघाली (आपल्या वर्गांत हे दुर्मिळ नव्हे), तर दुसऱ्याचे गुण पहिल्याच्या जागी बसतात. पहिला मुलगा नाहीसा होतो, त्याची शिष्यवृत्ती जाते, आणि कोठे काही बिघडल्याचे दिसत नाही. खरे म्हणजे यंत्र सांगत असते: 'पुट' जुने मूल्य परत करते, आपण ते हाती घेतच नाही. नावाऐवजी दाखल क्रमांक किल्ली करावा. जुनी नोंद राखावयाची असल्यास २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून मिळालेली 'पुट-इफ-ॲब्सेंट' ही आज्ञा वापरावी.

'हॅशसेट'मध्ये प्रकार उलटा. एकच मुलगा दोन वेगळ्या वस्तूंच्या रूपाने आला, तर 'इक्वल्स' व 'हॅशकोड' या दोन्ही पद्धती लिहिल्याखेरीज त्याची ओळख पटत नाही आणि तो दोनदा शिरतो. एकच पद्धत लिहून भागत नाही.

'ॲरेज-ॲज-लिस्ट'ने केलेली यादी ठराविक लांबीची असते. तीत नाव बदलता येते, वाढवता येत नाही. वाढवावयाची असल्यास ती नव्या 'ॲरेलिस्ट'मध्ये ओतून घ्यावी.

राहिली एक गोष्ट. आवर्तनाने यादी वाचत असतानाच तिच्यात भर घातली, तर बहुधा 'कॉन्करंट मॉडिफिकेशन' म्हणून काम थांबते. सहलीच्या गाडीत शिरगणती चालू असता मागच्या दाराने मुले चढवावीत, तसे हे. नवी नावे दुसऱ्या यादीत गोळा करावीत आणि मोजणी संपल्यावर 'ॲड-ऑल'ने एकदम जोडावीत.