सूर्यास्तानंतरची वीस मिनिटं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईत त्याच दिवशी सहा वाजतात. रेखांशाच्या सात अंशांनी पाडलेला हा अर्ध्या तासाचा फरक एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतो. पण जुहूच्या सूर्यास्ताची सवय असलेल्या हौशी वैमानिकाने इकडे घड्याळावर विसंबून निघायचं ठरवलं, तर नियमाच्या भाषेत तो केव्हाच रात्रीत शिरलेला असतो. सूर्यास्तानंतर वीस मिनिटं ते सूर्योदयाआधी वीस मिनिटं, या वेळेत डोळ्यांच्या भरवशावरचं उड्डाण आपल्या देशात बंद. हवाई नियंत्रणाने परवानगी दिलेली विमानतळाभोवतीची उड्डाणं आणि फ्लाइंग क्लबचा सराव, एवढाच काय तो अपवाद.

तसं विदर्भाच्या आकाशाला रात्रीचं विमान नवं नाही. 30 जानेवारी 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परतायची. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साधं पत्रही जादा तिकिटाशिवाय विमानाने जाऊ लागलं. नकाशावर नागपूर-मद्रास अशी सरळ रेघ मारली तर ती चांद्याजवळून (आजच्या चंद्रपूरजवळून) जाते. म्हणजे ही डाकोटा विमानं आपल्या जंगलाच्या कडेनेच जात असणार. खाली मुलचेरा तालुका नव्हता, गडचिरोली जिल्हाही नव्हता. तो 26 ऑगस्ट 1982 चा.

या विमानांना दोन इंजिनं होती, रेडिओ होता, दिव्यांची धावपट्टी होती, तरबेज माणसं होती. तरीही 12 डिसेंबर 1953 च्या रात्री मद्रासकडे निघालेल्या विमानाच्या एका इंजिनाची ताकद उड्डाण होताच गेली आणि ते नागपूरजवळच कोसळलं. तेरा जण गेले, वाचला तो वैमानिक. दिवसा असं झालं तर समोरचं शेत, नाला, झाड निदान दिसतं. रात्री निवड करायलाच काही उरत नाही.

नागपूर फ्लाइंग क्लब 1947 चा, म्हणजे या टपालसेवेहूनही जुना. एका इंजिनाच्या विमानावर शिकणाऱ्यांची इथली परंपरा तेवढी मागे जाते. व्यावसायिक परवाना हवा असेल तर रात्रीचे किमान पाच तास आणि त्यात दहा उड्डाणं, दहा लँडिंग करावी लागतात. खासगी परवानावाल्याला रात्री उडायचं तर परवान्यावर नाइट रेटिंगचा वेगळा शेरा लागतो. माझ्या मते खरा पहारेकरी हा शेरा नसून ती वीस मिनिटांची रेघ आहे. शेरा मिळवता येतो, क्षितिज मिळवता येत नाही.

चंद्रपूरहून रात्री पूर्वेकडे निघाल्याची कल्पना करा. औष्णिक वीज केंद्राचा झगझगाट मागे पडतो, गोंडपिपरीचे दिवे विरळ होतात, वैनगंगा ओलांडली की आष्टी, हल्ली कोनसरीच्या कारखान्याचेही दिवे, आणि पुढे काळं. अमावस्येला तर आकाश कुठे संपलं आणि साग कुठे सुरू झाला ते कळत नाही. एखाद्या खेड्यातला एकटा दिवा चांदणी वाटू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये याहून वाईट: मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तो वणवा डोंगराच्या उतारावर तिरक्या रांगेत चढतो. वरून ती रांगच क्षितिज वाटली की वैमानिक विमान तिच्याशी समांतर करतो, म्हणजेच कलतं करतो, आणि कानातलं संतुलन त्याला काही सांगत नाही. वर धूर वेगळाच. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो. कॉकपिटमध्ये एकदा मोबाइल उघडला की तो अर्धा तास पाण्यात.

अमेरिकेत खासगी वैमानिकाला रात्री डोळ्यांच्या भरवशावर उडायची मुभा आहे. 16 जुलै 1999 ला धाकटे जॉन केनेडी त्याच मुभेत, धुरकट हवेत समुद्रावरून निघाले आणि दिशाभान हरपून पाण्यात गेले. कायदा त्यांनी मोडला नव्हता.

आमच्याकडे हा नियम लोकांना ठाऊक आहे तो पुढाऱ्यांमुळे. सभा रंगात आली की मागून चिठ्ठी येते, हेलिकॉप्टर अंधाराआधी उडायला हवं! श्रोते हसतात. पण 17 जुलै 2024 ला नागपूरहून अहेरीकडे निघालेलं दोन उपमुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर भरदिवसा ढगांत सापडलं होतं. तीच हवा, तेच रान रात्री असतं तर काय, याचा विचार केला की चिठ्ठीचा राग येत नाही.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. भामरागड, एटापल्ली, मुलचेऱ्याकडचा अत्यवस्थ रुग्ण किंवा चकमकीतला जखमी जवान सूर्य बघून अत्यवस्थ होत नाही. त्याच्यासाठी नियम सैल करा, असं म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. दोन इंजिनं, उपकरणांवर उडणारे दोन वैमानिक, हेलिपॅडला दिवे, वाऱ्याची खबर देणारा माणूस आणि भोवतालच्या विजेच्या तारांची नोंद, हे लागतं. यातलं बरंचसं काम जमिनीवरचं आहे, आणि ते दिवसाउजेडी करता येतं.