मीठ कमी केल्यावर रक्तात काय घडते?

जेवणातले मीठ एकदम उतरवले की रक्तदाब थोडा खाली येतो, पण काही संप्रेरके वर चढतात. सोडियम घटले की शरीरातले पाणीही घटते आणि रक्ताचे आकारमान किंचित कमी होते. हे जाणवताच मूत्रपिंडे रेनिन सोडतात. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होते, आणि त्याच्या प्रभावाने अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन स्रवतात. लघवीवाटे निघून जाणारे सोडियम हे संप्रेरक पुन्हा रक्तात आणते. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळपास खातच नाहीत. १९७५ सालच्या अभ्यासात त्यांच्यात रेनिन व अल्डोस्टेरॉन भरपूर आढळले, रक्तदाब मात्र कमीच. त्यामुळे संप्रेरकांच्या वाढीलाच आजार मानणे बरोबर नाही.

रक्तातल्या मेदाचा प्रश्न जरा अवघड आहे. मीठ फार तोडल्यास नॉरॲड्रेनॅलिन वाढते, ते साठलेली चरबी मोकळी करते आणि यकृतात तिची ट्रायग्लिसराइड बनू शकतात. डेन्मार्कच्या नील्स ग्राउडाल व सहकाऱ्यांच्या २०११च्या आढाव्यात कमी मीठ खाणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल सुमारे २.५ टक्के आणि ट्रायग्लिसराइड सुमारे ७ टक्के जास्त निघाले. त्यातल्या बऱ्याच चाचण्या थोड्या दिवसांच्या होत्या आणि मीठही एकदम तोडलेले होते. लंडनचे ‘हे’ (He) आणि मॅकग्रेगर या संशोधकांनी २०१३ मध्ये चार आठवडे किंवा अधिक काळ माफक कपात केलेल्या चाचण्या पाहिल्या. तिथे रक्तदाब उतरला, मेदात लक्षणीय फरक पडला नाही.

मीठ एकदम तोडणे आणि माफक कमी करणे हा फरक नंदुरबारसारख्या जिल्ह्यात महत्त्वाचा आहे. इथे मीठ बरेचसे घरच्याच हाताने पडते: ठेच्यात, लोणच्यात, ज्वारीच्या बिबड्यांत. कळण्याच्या भाकरीचे तर पीठ दळतानाच त्यात मीठ घालण्याची खानदेशात रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा जरा कमी. त्यात हे सगळे मोजायचे. पापड-लोणचे रोजच्या ताटातून हळूहळू कमी करणे बहुतेकांना जमेल. उन्हाळ्यात शेतावर किंवा मिरचीच्या पथारीवर घाम गाळणाऱ्याने मात्र मीठ पार सोडू नये. घामातूनही सोडियम जाते.

मीठ कमी करताना ते आयोडीनयुक्तच ठेवावे. खड्याच्या मिठात आयोडीन बहुधा नसते. आयोडीन फार कमी पडले तर थायरॉईडचे संप्रेरक घटते, आणि ते घटले की यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठही मिळते, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.