कुरळ्या केसांची निगा

मुलांनो, आपल्या वर्गात एकदा सभोवार नजर टाका. कोणाचे केस पावसाच्या धारेसारखे सरळ खाली येतात. कोणाचे केस लाटांसारखे वळतात, तर कोणाचे स्प्रिंगसारखे गोल फिरतात. उर्दूत आपण ज्यांना 'घुंघराले बाल' म्हणतो, त्यांनाच मराठीत 'कुरळे केस' म्हणतात. उर्दू गझलांमध्ये वळणदार जुल्फांची तारीफ शेकडो वर्षे होत आली आहे. पण शाळेत मात्र अशाच केसांच्या मुलीला 'झिपरी' म्हणून चिडवले जाते. मग ती रोज सकाळी आरशासमोर उभी राहून कोरडे केस जोरजोरात विंचरते. केस सरळ तर होत नाहीतच, उलट फणीत तुटलेल्या केसांचा पुंजका राहतो. काही मुले आणि मुली गरम यंत्राने केस सरळ करू लागतात. म्हणून केस कुरळे का होतात आणि त्यांची निगा घरच्या घरी कशी राखावी, हे आज आपण समजून घेऊ.

केस ज्या छोट्याशा खळग्यातून उगवतो, त्याला केशकूप म्हणतात. सरळ केसाचा केशकूप सरळ असतो. कुरळ्या केसाचा केशकूप आकड्यासारखा वाकडा असतो. त्यामुळे केस बाहेर येतानाच वळण घेऊन येतो. हा आकार आपल्याला आईवडिलांकडून मिळतो. विंचरून, तेल लावून किंवा मुंडण करून तो कायमचा बदलत नाही. कुरळे केस म्हणजे रोग नव्हे आणि आळशीपणाही नव्हे. उंची किंवा डोळ्यांचा रंग जसा प्रत्येकाचा वेगळा, तसेच हे आहे.

कुरळ्या केसांचा एक फायदाही आहे. २०२३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एका पुतळ्यावर निरनिराळ्या केसांचे टोप चढवून प्रयोग केला. पुतळ्यावर उन्हासारखी उष्णता सोडली आणि डोके किती तापते ते मोजले. दाट कुरळ्या केसांच्या टोपाखाली डोक्यापर्यंत सर्वांत कमी उष्णता पोहोचली. आफ्रिकेच्या कडक उन्हात राहणाऱ्या आपल्या प्राचीन पूर्वजांना अशा केसांचा मोठा उपयोग झाला असावा, असे त्या शास्त्रज्ञांना वाटते.

मग कुरळे केस लवकर रुक्ष का होतात? यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. एक तार सरळ धरा आणि दुसरी पेन्सिलीभोवती गुंडाळून तिचे वेटोळे करा. दोन्ही तारांच्या वरच्या टोकाला तेलाचा एकेक थेंब लावा. सरळ तारेवरून थेंब सहज खाली येतो. वेटोळ्या तारेवर तो वळणावळणावर रेंगाळतो. आपल्या डोक्याची त्वचा स्वतःच थोडे तेल तयार करते. सरळ केसांवर ते टोकापर्यंत पसरते. कुरळ्या केसांवर ते मुळांजवळच राहते आणि टोके कोरडी पडतात. शिवाय प्रत्येक वळणाच्या जागी केस थोडा नाजूक असतो. जोराने ओढला की तो तिथेच तुटतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्वचेच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो. बोटाला जखम झाली तर ती भरून येते, पण भाजलेला किंवा चिरलेला केस पुन्हा सांधला जात नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३६ सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे तीन वर्षांचे असते. तीन वर्षांचे ऊन, धूळ, साबण आणि फणी त्याने सोसलेली असते. केस सरळ करण्याचे यंत्र २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. पाणी १०० अंशांवर उकळते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. त्याच्या दुप्पट उष्णता नाजूक केसांना रोज दिली तर काय होईल, याचा विचार करा. बिघडलेला केस दुरुस्त करता येत नाही. म्हणून तो बिघडण्यापूर्वीच जपावा लागतो. कुरळ्या केसांची सारी निगा या एका गोष्टीत आली.

निगेची पहिली पायरी म्हणजे तेल. न्हाण्यापूर्वी किमान एक तास, किंवा आदल्या रात्री, केसांना खोबरेल तेल लावावे. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चमचे तेल पुरते. ते मुळांपेक्षा केसांच्या लांबीला आणि टोकांना अधिक चोळावे. खोबरेल तेलच का? मुंबईतील रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना आणि विंचरताना केसांतील प्रथिने झिजतात. ही झीज खोबरेल तेलाने कमी होते, असे त्यांना आढळले. हे संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते, हेही ध्यानात ठेवावे. पण त्यांनी दिलेले कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलातील मुख्य घटकाचे रेणू लहान आणि सरळ असतात. त्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतात. मात्र कोणतेही तेल केशकूपाचा आकार बदलत नाही. आणि डोक्यात कोंडा असेल तर मुळांना तेल थापू नये. कोंड्याशी संबंधित सूक्ष्म बुरशी तेलावरच वाढते.

दुसरी पायरी म्हणजे धुणे. 'शॅम्पू' हा शब्द मुळात आपल्याकडचाच आहे. हिंदीतील 'चाँपो', म्हणजे 'दाबा', यावरून तो इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन मुहम्मद पुढे इंग्लंडमध्ये गेले. ब्रायटन या गावी त्यांनी वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे स्नानगृह चालवले आणि त्यामुळे हा शब्द तिकडे लोकप्रिय झाला. केस धुण्याचा साबण हा अर्थ त्याला नंतर मिळाला.

आपल्याकडे केस धुण्यासाठी शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी वापरत आले आहेत. या वस्तू किराणा दुकानात किंवा युनानी औषधांच्या दुकानात मिळतात. शिकेकाईच्या ५० ग्रॅम शेंगा, बिया काढलेले आठ रिठे आणि आवळकाठीचे चारपाच तुकडे एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावेत. सकाळी ते पाणी मंद आचेवर पंधरावीस मिनिटे उकळावे. निवल्यावर हाताने कुस्करून गाळून घ्यावे. शिकेकाई व रिठा यांत साबणासारखा फेस करणारे द्रव्य असते. ते मळ काढते. फेस थोडा येतो म्हणून केस स्वच्छ झाले नाहीत, असे समजू नका. रिठा जास्त घेतला तर केस कोरडे होतात. हे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, म्हणून डोके मागे झुकवून धुवावे. ते दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये.

ज्या गावात बोअरचे जड पाणी येते, तिथे अंगाच्या साबणाने केस धुऊ नयेत. जड पाण्यातील क्षार आणि साबण मिळून चिकट साका बनतो. तो केसांवर बसतो आणि केस राठ होतात. शिकेकाईने असा साका होत नाही. बाजारातील सौम्य शॅम्पू वापरायलाही हरकत नाही. मात्र तो डोक्याच्या त्वचेला लावावा. खाली वाहणाऱ्या फेसाने केसांची लांबी आपोआप धुतली जाते. कुरळ्या केसांना आठवड्यातून एकदा किंवा दोनदा न्हाणे बहुधा पुरेसे असते.

तिसरी पायरी म्हणजे गुंता सोडवणे. सरळ केस वाळल्यावर विंचरावेत. पण कुरळे केस कोरडे विंचरले की तुटतात आणि फुलतात. म्हणून ते ओलसर असतानाच सोडवावेत. मात्र ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून त्याला आधी बुळबुळीतपणा द्यावा. कोकणात जास्वंदीची पाने पाण्यात चुरगळून तो बुळबुळीत रस केसांना लावतात. रात्रभर भिजवलेल्या मेथीचे गाळलेले पाणीही चालते. कोरफडीचा गरही उत्तम. कोरफडीचे पान कापल्यावर त्यातून पिवळा चीक निघतो. तो पूर्ण गळू द्यावा, पान धुवावे आणि आतला पांढरा, पारदर्शक गरच घ्यावा. पिवळ्या चिकाने त्वचेला खाज येते. गर लावल्यावर आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे हळूहळू गुंता सोडवावा. मुळाकडून कंगवा ओढला तर सारा गुंता टोकाशी जमून घट्ट होतो.

चौथी पायरी म्हणजे वळण टिकवणे. यासाठी जवसाचा गर करावा. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात घालून मंद आचेवर ढवळत राहावे. सातआठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाट होते. ते गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे. थंड झाल्यावर ते इतके घट्ट होते की गाळताच येत नाही. भांडे गरम असते, म्हणून लहान मुलांनी हे काम मोठ्यांच्या मदतीने करावे. धुतलेल्या ओल्या केसांना थोडा गर लावून केस मुठीत धरून वर दाबावेत. वाळल्यावर वळणे नीट बसतात आणि केस पिंजारत नाहीत. हा गर फ्रिजमध्ये सुमारे आठवडाभर टिकतो. फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच ताजा करावा.

केस टॉवेलने खसखसा पुसू नयेत. जुन्या मऊ सुती कापडाने दाबून पाणी टिपावे. ओल्या केसांवर ओढणी, रुमाल किंवा टोपी घट्ट बांधू नये. आत दमटपणा राहतो आणि कुबट वास येतो. शाळेसाठी दोन वेण्या घालत असाल तर त्या सैल घाला. रोज घट्ट ओढलेल्या वेण्यांमुळे कपाळाजवळचे केस विरळ होऊ लागतात.

घरची वस्तू म्हणजे निर्धोक वस्तू, असे मात्र मानू नका. कोणताही लेप प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर तो डोक्याला लावू नये. खाण्याच्या सोड्याने केस धुऊ नयेत, त्याने ते खरखरीत होतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. शुद्ध मेंदी लालसर रंग देते. पण ती वारंवार लावल्यास कुरळे केस कोरडे पडतात. 'काळी मेंदी' म्हणून जे मिळते त्यात बहुधा रासायनिक रंग मिसळलेला असतो. काहींना त्याने फोड येतात आणि चेहरा सुजतो.

दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. पण केस मुठीने गळू लागले, डोक्यावर गोल टक्कल पडले, किंवा पू आणि खपल्या दिसल्या तर घरचे उपाय करत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे. अशक्तपणामुळेही केस गळतात. म्हणून डाळी, अंडी, पालेभाज्या, तीळ, शेंगदाणे हे अन्न वेळेवर घ्यावे. केसाचे खरे पोषण पोटातून होते, बाटलीतून नव्हे.

मित्रांनो, या साऱ्या उपायांना फार पैसे लागत नाहीत. थोडे खोबरेल, मूठभर जवस, मोठ्या दातांचा कंगवा आणि सावकाश चालणारा हात एवढे पुरे. तुमचे केस कुरळे असतील तर ते सरळ करण्यात वेळ आणि केस दोन्ही घालवू नका. त्यांना जसे वळायचे आहे तसे वळू द्या. आणि तुमचे केस सरळ असतील, तर शेजारी बसलेल्या कुरळ्या केसांच्या मित्राला किंवा मैत्रिणीला नावे ठेवू नका. ज्याचे जसे आहे, ते त्याने जपावे आणि इतरांनी त्याचा मान राखावा.

शब्दार्थ

निगा – देखभाल, हिफाजत
झिपरी – पसरलेल्या, न विंचरलेल्या केसांची
रुक्ष – कोरडे, खुश्क
गुंता – उलझन
जवस – अलसी
कोरफड – घीक्वार
जास्वंद – गुडहल
निर्धोक – ज्यात धोका नाही असे
नावे ठेवणे (वाक्प्रचार) – दोष काढणे, निंदा करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) केस ज्या खळग्यातून उगवतो त्याला काय म्हणतात?
(आ) 'शॅम्पू' हा शब्द कोणत्या शब्दावरून आला?
(इ) जवसाचा गर गरम असतानाच का गाळावा?

२. कारणे द्या.
(अ) कुरळ्या केसांची टोके लवकर कोरडी पडतात.
(आ) बिघडण्यापूर्वीच केस जपावे लागतात.
(इ) जड पाण्यात अंगाच्या साबणाने केस धुऊ नयेत.

३. 'नावे ठेवणे' या वाक्प्रचाराचा आपल्या वाक्यात उपयोग करा.

४. तुमच्या घरी केसांसाठी कोणते उपाय करतात? आई, दादी किंवा नानी यांना विचारून सातआठ वाक्ये लिहा.