कार्ड तेच, केबल तीच

राउटिंग टेबल या आठवड्यात उघडायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलतो. सांगलीच्या एका वाचकांनी पाठवलेल्या कोड्याचा मोह आवरला नाही. त्यांनी क्लासमधल्या उबुंटू सर्व्हरमध्ये नवी एनव्हीएमई एसएसडी बसवली. मशीन सुरू व्हायला दोनेक मिनिटं जास्त लागली आणि सुरू झाल्यावर नेटवर्क गायब. केबल बदलून झाली, स्विचचं पोर्ट बदलून झालं. कार्ड उडालं असं समजून ते नवं आणायला निघालेच होते. ‘डिस्कचा आणि नेटवर्कचा संबंध काय?’ असं ते विचारतात.

संबंध आहे. सोबत ‘आयपी लिंक’चं आउटपुट जोडलं होतं, हे फार बरं केलं. त्यात ‘ईएनपी४एस०’ दिसत होता, स्टेट डाउन. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये मात्र ‘ईएनपी३एस०’. म्हणजे कार्ड ठणठणीत आहे, फक्त फाइल ज्याला आयपी द्यायला बसलीय त्या नावाचं कुणी उरलेलंच नाही. ती दोन मिनिटंही त्याच्याच पायी गेली. सिस्टमडीची वेट-ऑनलाइन सेवा १२० सेकंद वाट बघते आणि मग नाद सोडते.

‘डाउन’ शब्दाला घाबरून बरेच जण थेट केबलकडे धावतात. पण इंटरफेस कुणी ‘अप’ केलाच नसेल, तर केबलबद्दल लिनक्स काहीच सांगत नाही. आधी हाताने ‘आयपी लिंक सेट ईएनपी४एस० अप’ करा, मग कंसातले फ्लॅग वाचा. ‘लोअर-अप’ दिसलं तर तार जिवंत आहे. ‘नो-कॅरिअर’ दिसलं तरच खुर्चीतून उठा.

आता नाव का बदललं? पूर्वी कार्ड सापडतील त्या क्रमाने ईथ०, ईथ१ अशी नावं पडायची. दोन कार्डांच्या फायरवॉलवर आतलं आणि बाहेरचं यांची अदलाबदल झाली की काय गोंधळ व्हायचा, ते भोगलेल्यांनाच ठाऊक. मग यूडेव्ह मॅक ॲड्रेसची नोंद एका रूल्स फाइलमध्ये ठेवू लागलं. त्यावर व्हर्च्युअल मशीनवाले वैतागले, कारण क्लोन केला की मॅक नवा, म्हणून ईथ० जाऊन ईथ१ हजर! जानेवारी २०१३च्या सिस्टमडी १९७पासून नाव जागेवरून ठरू लागलं. ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस ३, एस० म्हणजे स्लॉट ०.

गोम अशी, की हा बस क्रमांक मदरबोर्डवर कोरलेला नसतो. प्रत्येक बूटला एकेक ब्रिज मोजत क्रमांक वाटले जातात. रांगेत पुढे कुणी घुसलं की मागच्यांचे नंबर सरकतात. इथे घुसली ती एसएसडी. ‘डीमेसेज’मध्ये ‘रीनेम्ड’ शोधलं तर ईथ०चं बारसं झाल्याची ओळ सापडते. जाता जाता एक: ‘एलएसपीसीआय’ बस क्रमांक हेक्समध्ये दाखवतं, इंटरफेसचं नाव दशमानात असतं. तिथे ०ए दिसलं तर इकडे पी१० शोधा.

उपाय म्हणून कर्नलला ‘नेट.इफनेम्स=०’ द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. एकच कार्ड असेल तर चालून जातं, दोन असली की २०१३च्या आधीचा जुना खेळ परत सुरू. मला तो सल्ला पटत नाही. नेटप्लॅनमध्ये ‘मॅच’खाली मॅक ॲड्रेस द्यावा आणि ‘सेट-नेम’ने आपलं नाव ठेवावं, उदाहरणार्थ ‘लॅन०’. ईथ० मात्र ठेवू नका. तो नावांचा साठा कर्नलचा आहे, टक्कर होते. फाइल नीट झाली की रीबूट करा, कारण चालू इंटरफेसचं नाव बदलायला जुने कर्नल साफ नकार देतात. यापुढे एसएसडी बसवा नाहीतर काढा, नाव हलणार नाही.

व्हीलॅन वापरणाऱ्यांनी मात्र थोडं जपून. व्हीलॅन इंटरफेस मूळ कार्डाचाच मॅक घेतो, त्यामुळे नुसत्या मॅकवरून दोघांची गल्लत होऊ शकते. तिथे सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये ‘परमनंट-मॅक-ॲड्रेस’ जुळवलेला चांगला: तो कार्डात मुळातच असतो, व्हीलॅनकडे नसतो.