सांगलीचे सूर, कॉम्प्टनचा ठेका

२००२ साली अमेरिकेतल्या रेडिओवर 'ॲडिक्टिव्ह' हे गाणं गाजत होतं. गायिका ट्रूथ हर्ट्‌स, मधला रॅप रकीमचा. पण गाणं कानात राहायचं ते तिसऱ्याच आवाजामुळे, आणि तो आवाज लता मंगेशकरांचा होता. 'ज्योती' (१९८१) या हिंदी चित्रपटासाठी बप्पी लाहिरींनी बांधलेल्या 'थोडा रेशम लगता है'चा तुकडा ठेक्यावर पुन्हा पुन्हा फिरत होता. बिलबोर्डच्या यादीत हे गाणं नवव्या क्रमांकापर्यंत चढलं.

विश्रामबागेतल्या वाचकाला हे गाणं वाटतं तितकं परकं नाही. विश्रामबागेच्या एका अंगाला विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये 'सीतास्वयंवर' हे नाटक उभं केलं ती सांगली, तर दुसऱ्या अंगाला तंबोरे-सतारी घडवणारं, गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचं मिरज. लतादीदींचे वडील मास्टर दीनानाथ यांनी बिऱ्हाड केलं ते सांगलीत. दीदींचं बालपण इथे गेलं आणि ८ सप्टेंबर १९३३ रोजी त्यांची बहीण आशाताई (आशा भोसले) यांचा जन्मही इथेच झाला.

दीदींचा आवाज 'ॲडिक्टिव्ह'मध्ये आणला निर्माता डीजे क्विक याने. खरं नाव डेव्हिड ब्लेक, जन्म १९७०, गाव लॉस एंजेलिसजवळचं कॉम्प्टन. पोरवयात तो लोकांच्या घरगुती पार्ट्यांत तबकड्या वाजवायचा. १९८७च्या सुमारास त्याने स्वतःच 'द रेड टेप' नावाची कॅसेट तयार केली आणि ती वस्तीत हातोहाती फिरली. मग प्रोफाइल रेकॉर्ड्‌स या कंपनीने त्याला करारबद्ध केलं. १९९१चा 'क्विक इज द नेम' हा त्याचा पहिला अल्बम दहा लाखांवर खपला. पुढे इतरांची गाणी घडवणारा निर्माता म्हणून त्याचं नाव झालं. टीव्हीवरच्या एका हिंदी वाहिनीवर 'ज्योती'तलं ते गाणं कानी पडलं आणि आपण ते लगेच टेप केलं, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे.

जुन्या गाण्यातला नेमका तुकडा हेरण्याची ही हातोटी हिपहॉपच्या जन्मापासूनची आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात बहिणीच्या पार्टीत डीजे कूल हर्क तबकड्या लावत होता. लोक सर्वांत जास्त नाचतात ते गायन थांबून नुसता ताल उरतो त्या जागी, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून फिरवत तो ती जागा लांबवू लागला. १९८०च्या दशकात आवाजाचा तुकडा साठवून हवा तेव्हा वाजवणारी सॅम्पलर यंत्रं आली आणि हेच काम बोटाच्या एका दाबावर होऊ लागलं. नेमकी जागा ओळखणारा कान मात्र यंत्राबरोबर मिळत नाही. क्विककडे तो होता.

चूक झाली ती श्रेयाची. 'ॲडिक्टिव्ह'वर मूळ संगीतकाराचं नावच नव्हतं. मूळ गाण्यावर हक्क सांगणाऱ्या सारेगामा कंपनीने ५० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला. लाहिरीही कोर्टात गेले. फेब्रुवारी २००३मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने आदेश दिला, की लाहिरींचं नाव छापल्याशिवाय हे गाणं असलेला अल्बम विकायचा नाही.

दोनच वर्षांनी आशाताईंच्या वाट्याला वेगळा अनुभव आला. ब्लॅक आइड पीज या गटाने २००५च्या 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'मध्ये 'अपराध' (१९७२) आणि 'डॉन' (१९७८) या चित्रपटांतली त्यांची दोन गाणी वापरली. संगीतकार कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावं रचनाकारांत रीतसर छापली गेली. २००६मध्ये या गाण्याला रॅप विभागातलं ग्रॅमी मिळालं.

आता मराठी आवाज तुकड्याने नव्हे, सबंध गाणं घेऊन बाहेर पडतो आहे. क्रेटेक्स या नावाने काम करणारा डीजे-निर्माता कृणाल घोरपडे आणि रॅपर श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' २०२४मध्ये नेदरलँड्‌सच्या स्पिनिन रेकॉर्ड्‌सने काढलं. ठेका हाऊस संगीताचा, शब्द रोखठोक मराठी आणि नावं दोघांचीही ठळक.

लॅपटॉपवर बीट बांधणाऱ्या सांगली-मिरजेच्या मुलांसाठी यात कामाची गोष्ट आहे. एका गाण्यात हक्क दोन असतात, रचनेचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा, आणि परवानगी दोन्हींची लागते. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांनी संपतो. रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. खाँसाहेब १९३७मध्ये गेले, दीनानाथ १९४२मध्ये. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात केव्हाच संपला आहे. पदाच्या कवीचा आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क तेवढा तपासायचा, आणि गाण्याखाली सगळ्यांची नावं लिहायची.